रांजणवाडी आली? शेक द्या, बोट लावू नका

सकाळी उठल्यावर पापणी जड वाटते. डोळा मिचकावला की कडेला काहीतरी टोचतं, आणि आरशात पाहावं तर पापणीच्या काठावर लालसर फुगवटी. दात घासून होईपर्यंत घरात सगळ्यांना बातमी कळलेली असते आणि प्रत्येकाकडे एकेक उपाय तयार असतो. आजी लवंग उगाळायला सांगते, आत्या खजुराची बी. कुणी तळहातावर बोट घासून टेकवायला सांगतं. ऑफिसातला मित्र म्हणतो, मेडिकलमधून ड्रॉप्स घे, दोन दिवसांत खल्लास.

वाचकांच्या पत्रांत हाच गोंधळ वेगवेगळ्या अक्षरांत येत राहतो. शेक गरम द्यायचा की थंड? फोडली तर लवकर बरी होते का? मुलीला शाळेत पाठवू का? ट्यूब कोणती लावू? यातल्या बहुतेक प्रश्नांचं उत्तर एका भांडंभर कोमट पाण्यात आहे. अडचण एवढीच, की हा सगळ्यात स्वस्त उपाय आपण सगळ्यात अर्धवट करतो. चार वेळा रुमाल टेकवायचा आणि "शेकून पाहिलं, काही उपयोग नाही" म्हणायचं.

आधी ती रांजणवाडीच आहे ना, ते पाहा

पापणीच्या काठाला, केसांच्या मुळाशी, तेल आणि घाम तयार करणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. त्यांतल्या एखादीचं तोंड बुजलं आणि आत जंतू वाढले की पू धरतो. हे जंतू बहुधा स्टॅफिलोकॉकस जातीचे, म्हणजे आपल्याच कातडीवर आणि नाकात एरवी गुपचूप राहणारे. थोडक्यात, रांजणवाडी म्हणजे पापणीवरचं केसतूड. ती एका जागी असते, बोट टेकवलं की दुखते, आणि दोन-चार दिवसांत तिच्या टोकाला पिवळा ठिपका दिसू लागतो. कधी ती पापणीच्या आतल्या बाजूला होते. तेव्हा बाहेरून फक्त सूज दिसते, दुखतं मात्र जास्त. ती पाहायला पापणी उलटी करू नका.

हिच्यासारख्या दिसणाऱ्या, पण वेगळ्या असलेल्या गोष्टी अशा:

- डोळे येणे. यात डोळ्याचा पांढरा भाग लाल होतो, चिकट पाणी येतं, सकाळी पापण्या चिकटतात आणि पुष्कळदा एका डोळ्यातून दुसऱ्यात जातं. २०२३च्या पावसाळ्यात आळंदीपासून सुरू होऊन राज्यभर पसरलेली साथ आठवत असेल, ती याची. रांजणवाडीची अशी साथ येत नाही.
- न दुखणारी गाठ. पापणीच्या काठापासून जरा दूर, वाटाण्यासारखी हाताला लागणारी. डॉक्टर हिला कॅलेझियन म्हणतात. हिच्याविषयी पुढे.
- नाकाजवळच्या कोपऱ्यातली सूज, आणि डोळ्यातून सतत पाणी. हा अश्रुपिशवीचा संसर्ग असू शकतो. घरी शेकत बसू नका.
- कपाळाच्या आणि पापणीच्या एकाच बाजूला पाण्याने भरलेले बारीक फोड, आणि आग. ही नागीण असू शकते. डोळ्याजवळच्या नागिणीला उद्या नाही, आजच डॉक्टर लागतो.

शेक: दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: गरम. थंड शेकाने ठणका क्षणभर बरा वाटतो, पण काम गरम शेकाने होतं. पापणीतल्या ग्रंथींचं तेल घट्ट झालेलं असतं. हिवाळ्यात बरणीतलं तूप थिजतं आणि उन्हात ठेवलं की सुटतं, तसं ते उबेने पातळ होतं, ग्रंथीचं तोंड मोकळं होतं आणि पू आपल्या वाटेने बाहेर पडतो. मात्र त्यासाठी ऊब टिकली पाहिजे. ओला रुमाल दीड-दोन मिनिटांत गार होतो. गार रुमाल आठ मिनिटं डोळ्यावर धरून बसणं म्हणजे थिजलेल्या तुपाची बरणी सावलीत ठेवणं.

म्हणून असं करा:

१. साबणाने हात नीट धुवा, नखांखालीसुद्धा. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर काढा, काजळ-मस्करा पुसा.

२. उकळून सोसेल इतपत निवलेलं पाणी थर्मासमध्ये भरून शेजारी ठेवा. वाटीतलं पाणी गार झालं की त्यात थोडं थोडं ओतता येतं. स्वयंपाकघरात फेऱ्या मारण्याच्या कंटाळ्यानेच निम्मे शेक अर्धवट सुटतात.

३. दोन स्वच्छ, मऊ सुती फडकी घ्या. जुन्या धोतराची किंवा सुती साडीची उत्तम. एक डोळ्यावर, एक पाण्यात.

४. फडकं पिळून आधी मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवा, बाळाच्या दुधाचा थेंब टेकवून पाहतात तसं. तिथे चटका बसत असेल तर पापणीला तो जास्तच बसेल. पापणीची कातडी अंगावरच्या सगळ्यात पातळ कातडीपैकी आहे.

५. डोळा मिटून फडकं हलकेच ठेवा. दाबू नका. दर दीड-दोन मिनिटांनी फडकी बदला. घड्याळ लावून एकूण दहा मिनिटं.

६. दिवसातून तीन ते चार वेळा. सकाळी उठल्यावर, दुपारी, संध्याकाळी आणि झोपण्यापूर्वी हे वेळापत्रक बहुतेकांना जमतं. नोकरी करणाऱ्यांनी मधला एक सोडला तरी सकाळ-रात्रीचे सोडू नयेत.

७. वापरलेली फडकी उकळत्या पाण्यात टाकून उन्हात वाळवा. ती दुसऱ्या कुणी वापरायची नाहीत.

रुमालाचा बोळा करून तोंडाच्या वाफेने शेकायची आपली जुनी सवय आहे. डोळ्याला काही लागलं की आई हेच करायची. इथे मात्र ती टाळा. तोंडातले जंतू रुमालाबरोबर डोळ्यापाशी जातात आणि ऊब अर्धा मिनिटसुद्धा टिकत नाही. तव्यावर किंवा इस्त्रीखाली तापवलेलं फडकं आणि फडक्यात गुंडाळलेलं उकडलेलं अंडं यांचा अंदाज चुकला की पापणी भाजते. मायक्रोवेव्हमध्ये तापवलेली तांदळाची पुरचुंडीही एका जागी कोमट आणि दुसरीकडे निखारा असते.

शेक झाल्यावर, दुखणं बरंच उतरलेलं असेल तरच, स्वच्छ बोटाने पापणी अगदी हलकी चोळता येईल. वरची पापणी वरून खाली, खालची खालून वर, म्हणजे दोन्हीकडून केसांच्या दिशेने. ठणका असताना हे करू नका. पापण्यांच्या कडेला खपल्या किंवा चिकटा असेल तर उकळून निवलेल्या पाण्यात कापूस भिजवून तो नाकाकडून कानाकडे एकदाच फिरवा आणि टाकून द्या. दुसऱ्या डोळ्याला नवा कापूस.

ठणका जास्त असेल तर मोठ्यांना पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची गोळी चालते. यकृताचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

साधारणपणे तीन-चार दिवसांत पिवळं तोंड दिसतं, ते आपणच फुटतं, आणि फुटलं की एकदम हलकं वाटतं. तिथेच शेक थांबवायची चूक होते. आणखी दोन-तीन दिवस चालू ठेवा, म्हणजे आतला उरलेला पूही निघून जाईल. पूर्ण बरं व्हायला आठवडा ते दोन आठवडे लागू शकतात. एवढ्या काळात काजळ-आयलायनर बंद, लेन्सऐवजी चष्मा, पोहणं नको. डोळ्यावर पट्टी बांधून दुचाकी चालवणाऱ्यांना काय सांगावं? डोळा झाकायची गरज मुळातच नाही. धुळीसाठी हेल्मेटची काच खाली घ्या.

फोडायची का?

नाही. पिवळं टोक दिसलं तरी नाही, नखाने नाही, सुईने नाही, "मी हलक्या हाताने काढते" म्हणणाऱ्या मावशीकडूनही नाही. दाबल्याने पू बाहेर येण्याऐवजी आजूबाजूच्या मऊ भागात शिरू शकतो आणि दुसऱ्या दिवशी सगळी पापणी टम्म सुजते. क्वचित संसर्ग डोळ्याच्या खोबणीत उतरतो, आणि मग इस्पितळात राहून शिरेतून औषधं घ्यावी लागतात. टोकातून बाहेर आलेला एखादा केस उपटून पू सोडण्याची युक्ती काही जण सांगतात. तीही डॉक्टरांनाच करू द्या.

आजीच्या बटव्यातलं काय ठेवायचं?

आजीला दुखवायचं नाही, हे मान्य. पण डोळ्याच्या बाबतीत थोडं निवडून घ्यावं लागेल.

*लवंग, लसूण, चुना.* तिन्ही चुरचुरतात, आणि चुरचुरतं म्हणजे काम करतं असा आपला समज आहे. लवंगेच्या तेलाने आणि लसणीच्या रसाने पापणीची कातडी भाजते. त्यांचा अंश बुबुळावर गेला तर तिथेही इजा होते. चुना तर डोळ्याचा सगळ्यात मोठा शत्रू. चुकून गेलाच तर त्याच क्षणी नळाखाली डोळा धरून किमान पंधरा-वीस मिनिटं सतत धुवा आणि तसेच दवाखान्यात जा.

*खजुराची बी, चंदन उगाळून लावणं.* यांनी भाजत नाही, पण सहाण काही निर्जंतुक नसते. लेप वाळला की त्याचे कण डोळ्यात जातात आणि ते चोळायला हात जातो. नफा नाही, तोटा थोडा.

*तळहातावर घासलेलं बोट.* यातली कल्पना बरोबर आहे, ऊब द्या. फक्त ती ऊब चार सेकंद टिकते आणि बोटावरचे जंतू फुकट मिळतात. तापवलेल्या सोन्याच्या अंगठीचंही तेच, वर भाजण्याची भीती.

*आईचं दूध, मध, तूप, गुलाबपाणी डोळ्यात घालणं.* नको. डोळ्यात जाणारी वस्तू निर्जंतुक हवी, आणि घरातली कुठलीच बाटली तशी नसते.

*डोळ्यात डोळे घालून पाहू नका, लागेल.* रांजणवाडी पाहण्याने लागत नाही. टॉवेल, उशीची खोळ आणि काजळाची कांडी मात्र आठवडाभर वेगळी ठेवा.

आयुर्वेदाचा दाखला देणाऱ्यांसाठी एक गंमत सांगतो. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात या विकाराला अंजननामिका असं देखणं नाव आहे. तिथेही आधी स्वेदन, म्हणजे शेक, सांगितलं आहे. पुढे ती फोडून पिळून काढायलाही सांगितलं आहे, पण ते काम भिषकाचं आहे, म्हणजे वैद्याचं. मावशीचा उल्लेख नाही.

मेडिकलमधून ड्रॉप्स आणण्याआधी

पत्रांमधली खरी काळजीची गोष्ट ही आहे. "डोळ्याला काहीतरी द्या" म्हटलं की काउंटरवरून पुष्कळदा अशी बाटली मिळते, जिच्यात अँटिबायोटिकबरोबर स्टेरॉइड मिसळलेलं असतं. स्टेरॉइडने लाली आणि सूज झटकन उतरते, म्हणून ते औषध गुणी वाटतं आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच आणलं जातं. पण डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ते वापरत राहिलं तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदू लवकर येऊ शकतो. दुखणं रांजणवाडीचं नसून डोळ्यातल्या नागिणीच्या जातीच्या विषाणूचं असेल, तर बुबुळावरची जखम वाढून नजरेवर बेतू शकतं. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही.

बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल यांपैकी एखादं नाव दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेलं नसेल तर परत करा.

नुसते अँटिबायोटिक थेंबही साध्या रांजणवाडीत फारसं काही करत नाहीत, कारण पू बंद ग्रंथीत असतो आणि थेंब डोळ्याच्या पृष्ठभागावरून ओघळून जातात. डॉक्टर कधी मलम देतात, संसर्ग पसरत असेल तर पोटातून गोळ्या देतात. तो निर्णय त्यांचा.

ग्राहक म्हणून तुमच्या हातात काय आहे?

- ज्या औषधावर "आरएक्स" असं चिन्ह आणि शेड्यूल एचची सूचना छापलेली असते, ते नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. "सगळेच नेतात" हे उत्तर कायद्यात बसत नाही.
- बिल मागा. त्यावर औषधाचं नाव, बॅच क्रमांक आणि मुदत असली पाहिजे. तक्रार करायची वेळ आली तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात ती बिलाच्या आधारावर होते.
- घरातली जुनी बाटली वापरू नका. डोळ्याच्या थेंबांची बाटली उघडल्यावर साधारण चार आठवड्यांत टाकून द्यायची असते, वरची मुदत पुढच्या वर्षाची असली तरी.

घरचा उपाय कुठे थांबवायचा

दोन दिवस मनापासून शेकूनही दुखणं-सूज जराही हलली नाही, तर डॉक्टरांना दाखवा. खालीलपैकी काहीही दिसलं तर दोन दिवसही थांबू नका:

- सूज एका ठिपक्यापुरती न राहता सगळ्या पापणीवर किंवा गालावर पसरते आहे, डोळा उघडत नाही
- ताप आला आहे
- अंधुक किंवा एकाचं दोन दिसतं आहे, उजेड सहन होत नाही
- डोळा इकडे-तिकडे फिरवताना दुखतं आहे, किंवा तो पुढे आल्यासारखा वाटतो आहे
- मधुमेह आहे, किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू आहेत

यातल्या नजरेच्या, उजेडाच्या आणि डोळा फिरवण्याच्या तक्रारी रात्री अकरा वाजता सुरू झाल्या तरी सकाळची वाट पाहू नका, तातडीच्या विभागात जा.

कुणाकडे जायचं, यातही घोळ होतो. चष्म्याच्या दुकानातले ऑप्टोमेट्रिस्ट नंबर तपासतात आणि काही गडबड दिसली तर पुढे पाठवतात. उपचारासाठी नेत्रतज्ज्ञ हवेत, म्हणजे नावापुढे नेत्ररोगातली एमएस, डीएनबी किंवा डीओएमएस ही पदवी-पदविका असलेले. पहिली तपासणी कुटुंबाचे डॉक्टरही करू शकतात. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. गावाकडच्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून तिथून ग्रामीण, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी घ्यावी.

लहान मुलं

तान्ह्या बाळाची पापणी सुजली तर घरी प्रयोग न करता थेट डॉक्टरांकडे न्या. थोडी मोठी मुलं दहा मिनिटं स्थिर बसत नाहीत, तेव्हा मांडीवर घेऊन गोष्ट सांगत पाच-पाच मिनिटांचे शेक द्या, दिवसातून जास्त वेळा. गरम पाण्याची वाटी त्यांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. वाफारा देऊ नका. मुलांना ॲस्पिरिन द्यायचं नाही. पॅरासिटामॉल वजनानुसार, डॉक्टरांना विचारून.

शाळेत पाठवायला हरकत नाही, रांजणवाडी वर्गात पसरत नाही. बाईंना डोळे आल्याची शंका येऊ शकते, तेव्हा वहीत एक ओळ लिहून द्या. रुमाल वेगळा द्या आणि नखं कापा.

सूज गेली, गाठ राहिली

पू निघून गेल्यावर काही वेळा पापणीत टणक, न दुखणारी गाठ उरते. हेच ते सुरुवातीला सांगितलेलं कॅलेझियन. पुष्कळांना ते रांजणवाडीशिवाय आपणच होतं. त्यात जंतू नसतात, अडकलेल्या तेलाभोवती शरीराने केलेलं ते कुंपण असतं. म्हणून अँटिबायोटिकचा त्याला उपयोग नाही. शेक मात्र इथेही लागू पडतो, फक्त आठवडे मोजावे लागतात. महिनाभर रोज शेकूनही ती तशीच असेल किंवा नजरेच्या आड येत असेल, तर नेत्रतज्ज्ञ ती गाठीतल्या इंजेक्शनने किंवा छोट्या शस्त्रक्रियेने काढतात. जागेवर भूल देऊन बहुधा पापणी आतून उघडतात, त्यामुळे बाहेर व्रण दिसत नाही आणि त्याच दिवशी घरी जाता येतं. आधी खर्च, पर्याय आणि धोके विचारून घ्या, मगच संमतिपत्रावर सही करा. ते समजून घेणं तुमचा हक्क आहे.

एक गोष्ट घाबरवण्यासाठी नाही, पण लिहायलाच हवी. चाळिशी-पन्नाशीपुढे त्याच जागी गाठ पुन्हा पुन्हा येत असेल, तिथले पापणीचे केस गळत असतील किंवा कातडीवर व्रण दिसत असेल, तर तो तुकडा तपासणीला पाठवायला सांगा. पापणीतल्या तेलग्रंथींचा कर्करोग दुर्मीळ आहे, पण पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत आपल्याकडे तो अधिक आढळतो आणि कॅलेझियनचं सोंग घेऊन येतो. तपासणीचा अहवाल मागून घ्या आणि फाइलला लावून ठेवा.

पुन्हा पुन्हा येत असेल तर

वर्षातून एकदा आली तर विसरून जा. एक बरी होते तोवर दुसरी, असं चाललं असेल तर चार ठिकाणी पाहा.

पहिलं, पापण्यांच्या कडा. केसांच्या मुळाशी कोंड्यासारखे पापुद्रे दिसत असतील तर कडांचा जुनाट दाह असू शकतो. डोक्यातला कोंडाही त्याच वेळी तपासा. अशांनी रोज एक शेक आणि पापण्यांची सफाई, दात घासण्याइतकी नियमित ठेवावी. भांडंभर कोमट पाण्यात बेबी शाम्पूचे दोन-तीन थेंब घालून, डोळे मिटून कडा पुसून स्वच्छ धुवा.

दुसरं, काजळाची डबी. आई, मुलगी आणि भाची एकाच डबीत बोट घालत असतील, तर जंतूही तिघींत वाटले जातात. मस्करा तीन महिन्यांनी बदला. रांजणवाडी असताना वापरलेलं काजळ बरं झाल्यावर पुन्हा वापरू नका. सुरम्यात शिसं असू शकतं, तो मुलांना तर नकोच.

तिसरं, डोळे चोळायची सवय. ती चष्म्याच्या चुकलेल्या नंबरामुळे किंवा ॲलर्जीच्या खाजेमुळेही लागते. नंबर एकदा तपासून घ्या.

चौथं, रक्तातली साखर. घरात मधुमेह नाही, वय फार नाही, म्हणून ही तपासणी राहून जाते. उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीएवनसी या दोन्ही तपासण्या एकाच वेळी रक्त देऊन होतात. पहिली १२६ किंवा दुसरी ६.५ टक्के वा त्याहून जास्त आली, तर अहवाल घेऊन कुटुंबाच्या डॉक्टरांकडे जा.